हिरव्या खणातल्या कॅप्सूल

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केमो संपली, रेडिएशन संपलं, आता तुझ्या अंगात ताकद यायला हवी. म्हणून आणखी एक बाटली पाठवते आहे, ग्रीन टीच्या अर्काची. आमच्या बँकेतल्या कॅशियरबाईंनी सांगितली. त्यांच्या वहिनीलाही स्तनाचाच कॅन्सर झाला होता, आता ती टुणटुणीत आहे. नाक मुरडू नकोस. दादानेही काहीतरी पाठवलंय म्हणे. त्याचंही घे, नाहीतर महिनाभर गाल फुगवून बसेल.

तब्येतीला जप, माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आगाऊ धाकटी

ता. २० एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर रडू येईल म्हणून लिहिते आहे. रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेत. डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, आजार तिकडे पसरलाय का ते बघायला हवं. सोमवारी स्कॅन आहे. मी दिलेल्या गोळ्यांखेरीज आणखी काय घेता, असंही विचारलं. मी इतके दिवस सांगितलंच नव्हतं. घरच्यांनी प्रेमाने दिलेलं, त्यात सांगायचं काय, असं वाटायचं.

सगळं घेऊन या म्हणाल्या, तर मी माझा बटणांचा खणाखणांचा डबा नेला. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई मी, पसारा दिसला की हात शिवशिवतात. आल्या तेव्हाच रंग बघून हिरव्या कॅप्सूल एका खणात ओतल्या होत्या, पिवळ्या दुसऱ्यात, आणि बाटल्या भंगारात दिल्या होत्या. हिरव्यांतली तुझी कोणती, दादाची कोणती, मलाच कळेना. बाईंनी कपाळाला हात लावला. दोघांनी काय काय पाठवलंत ते लेबलावरचं अक्षर न् अक्षर उतरवून कळव. मला फार भीती वाटते गं.

उत्तराला उशीर नको.
तुझी ताई

ता. २३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दादाकडे जाऊन आले. त्याची बाटली दुसऱ्या कंपनीची, पण आत तोच ग्रीन टीचा अर्क. म्हणजे हिरव्या खणातून माझी एक आणि त्याची एक समजून तू रोज दोन घेत होतीस, एकच माल दुप्पट. पिवळ्या हळदीच्या अर्काच्या, त्या मीच जानेवारीत पाठवलेल्या. आम्हा दोघांकडे तशाच बाटल्या आहेत, त्यांच्या लेबलांची नक्कल सोबत आहे.

आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. दादाही स्वतःला बोल लावतोय, मीही. हवं तेवढं रागाव, पण स्कॅनचं लगेच कळव.

तुझीच, चुकलेली
धाकटी

ता. ६ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

स्कॅनमध्ये काही नाही, हे तुला फोनवर सांगितलंच. आता आकडेही जागेवर आले. बाईंनी तुझी यादी वाचून त्याच दिवशी सगळं बंद केलं होतं. लिव्हर त्या अर्कांनीच बिघडलं होतं, असं त्यांचं म्हणणं. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तेवढं चालू आहे, तेही त्यांनीच लिहून दिलेलं. दादाला सांग, त्याच्यावर राग नाही. तुझ्यावर थोडा आहे, तुला सवय आहे म्हणून.

एक कुणाला बोलले नव्हते. आकडे वाढल्यापासून मी आठवड्यात उरकेल एवढंच काम घेत होते. कुणाचं कापड अर्धवट राहायला नको म्हणून. काल शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. पुढच्या वर्षीच्या नाटकाचे साठ पोशाख हवेत म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या गेल्यावर दार लावून पोटभर रडले.

जीव असाच लाव, फक्त बाटलीत भरून पाठवू नकोस.
तुझी ताई