झाकण न लावलेला सॉकेट

प्रिय ठमे,

लिफाफा पाहून काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधी तेच सांगते. आम्ही दोघंही घरी आहोत आणि दोघंही हिंडते-फिरते आहोत. हे सगळं फोनवर सांगता आलं नसतं. जन्मभर टेलिफोनच्या लाइनीतली खरखर ऐकून बाबांचे कान इतके तिखट झालेत, की मी मागच्या खोलीत कुजबुजले तरी पुढच्या खोलीतून विचारतात, "कोणाबद्दल चाललंय?" आज त्यांचा लाइनीवरचा जुना जोडीदार त्यांना नेहमीच्या तपासणीला दवाखान्यात घेऊन गेलाय. तेवढ्यात फोन करता आला असता, पण तोंडाने हे सांगवलं नसतं, म्हणून शिलाई मशीनवरच कागद ठेवून लिहायला बसले. कागदावर पांढरे डाग दिसले तर ते कापडावर खुणा करायच्या खडूचे आहेत, डोळ्यांतल्या पाण्याचे नाहीत. निदान अजून तरी नाहीत.

बातमी अशी की आपण घरी कॉम्प्युटर घेतला. हसू नकोस. मोबाइलवरून साधा फोटो पाठवताना जिला घाम फुटतो, त्या तुझ्या आईने गेले काही आठवडे प्रोसेसर आणि मेमरी आणि माइक यांचा कीस पाडलाय. का, ते ऐक. दर रविवारी मी तुला ‘बाबांचा घसा बसलाय’ म्हणून सांगत आले, तो घसा बसलेला नाही. मज्जातंतूंचा आजार आहे. आधी जीभ जड होते, मग आवाज जातो, मग हात-पाय. डॉक्टरांनी मुदत काही सांगितली नाही. पण आवाजाचं काय ते आत्ताच करून घ्या, असं दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले. तुला कळवायचं नाही, हा बाबांचा हुकूम. आज मी तो मोडतेय.

आवाजाचं करून घ्यायचं म्हणजे असं. दवाखान्यात उच्चार सुधारणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी समजावलं, की आवाज आहे तोवर माणसाचं बोलणं कॉम्प्युटरवर साठवायचं. त्यावरून तो कॉम्प्युटर तो आवाज शिकतो. पुढे बोलता आलं नाही की माणसाने शब्द लिहायचे, हात चालेनासे झाले तर नुसतं अक्षरांकडे बघायचं, आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. मला तिथेच रडू फुटलं. बाबांनी विचारलं, "कॉम्प्युटर कोणता घ्यायचा?" हा माणूस खांबावरून पडला तरी आधी पक्कड कुठे गेली ते बघेल.

दुकानात तर मी लाजेने अर्धी झाले. दुकानदाराने आम्हाला काचेच्या पेटीतला एक कॉम्प्युटर दाखवला, आत लाल-निळे दिवे फिरताहेत, जत्रेतला पाळणा जसा. म्हणाला, यावर खेळ फार छान चालतात. बाबांनी त्या पेटीला कान लावला. मग शेजारच्या पेटीला लावला. असं करत दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला वाकून कान लावत गेले, आणि गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. त्यांना पंख्याचा आवाज नको होता. माइकमध्ये घरघर गेली तर ती कायमची आवाजात राहील, म्हणाले. शेवटी पंखाच नसलेला, जेवणाच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर निवडला. माइक निवडायला त्याहून वेळ लागला. कॅमेरा चांगला घेतला, पुढे कॉम्प्युटर नुसत्या डोळ्यांनी चालवायचा म्हणून. वीज गेली तर बोलता बोलता गप्प होऊ नये म्हणून बॅटरीही घेतली. बाबा म्हणाले, "माझी वीज गेली तरी याची जाता कामा नये." दुकानदार हसला. त्याला विनोद वाटला.

खरी घासाघीस झाली ती घरी आल्यावर, इंटरनेटवरून. मी म्हटलं, सगळे भिंतीवर बिनतारी इंटरनेटची एक डबी लावतात, आपणही लावू. बाबा म्हणाले, तार. ध्वनिमुद्रणं मोठी असतात, ती पाठवताना अर्ध्यात तुटायला नकोत, तार कधी दगा देत नाही. तार आणि बिनतारी हे दोन शब्द आपल्या घरात एकत्र उच्चारायचे नाहीत, हे मी शिकलेय. टेलिफोनच्या जुन्या तारा काढायचं काम तुझ्या कंपनीला मिळालं आणि त्या कामावर नेमकी तू आलीस, हा काही तुझा गुन्हा नव्हता. आपल्या कोपऱ्यावरचा खांब उतरवला त्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, "बाबा, तारांचे दिवस संपले." ते म्हणाले, "मग आपलंही बोलणं संपलं." मी हातात डाव घेऊन उभी. तुझं म्हणणं खरं होतं आणि त्यांचं दुखणं खरं होतं. पण बाप शेर तर लेक सव्वाशेर. तेव्हापासून तू मला फोन करतेस, मी त्यांना सांगते, ते ‘हं’ म्हणतात, आणि मी तुला सांगते की बाबांनी चौकशी केली.

तर तार. हात थरथरतात तरी स्वतः टाकली, जोडीदाराला नुसतं शिडी धरायला ठेवलं. बाहेरच्या खोलीत एक सॉकेट, माझ्या मशीनपाशी एक, आणि एक तुझ्या खोलीत. मुद्रणासाठी घरातली सर्वांत शांत खोली हवी होती, ती तुझी. तू गेल्यापासून तिला असलेलं कुलूप त्यांनीच काढलं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून मी भिंतींवर गोधड्या टांगल्या. त्या पुरेनात, तेव्हा गिऱ्हाइकांचे अर्धे शिवलेले कपडे टांगले. आता तिथे बिनबाह्यांचे झगे रांगेने उभे राहून बाबांचं बोलणं ऐकतात. मुद्रण चालू असलं की माझं मशीन बंद, आणि लोक शिलाईच्या नावाने शंख करतात.

मुद्रणासाठी वाचायची वाक्यं दवाखान्यातल्या बाईंनी कागदावर छापून दिली होती. बाबांनी सगळी वाचली, ‘र’ आणि ‘ल’ आताच एकमेकांत मिसळायला लागलेत तरी वाचली. मग बाईंनी तयार झालेला आवाज ऐकवला. कॉम्प्युटर म्हणाला, "चहा दे." ठमे, मी दचकून उठून उभी राहिले! खांबाच्या टोकावरून वाऱ्यात ओरडावं तसा तो आवाज होता. उभ्या आयुष्यात या माणसाने माइक म्हणजे खांबावर लाइन तपासायचा फोन एवढंच पाहिलं, आणि त्यात बोलायचं म्हणजे ओरडायचं. तेव्हा प्रत्येक वाक्य, ‘मला थंडी वाजते’ आणि ‘उशी नीट कर’सुद्धा, त्यांनी पलीकडच्या खांबाला ऐकू जाईल असं वाचलं होतं. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग हसू थांबलं आणि पाणी तसंच राहिलं. पुढची सगळी वर्षं माझ्या घरात हा ओरडणारा माणूस बोलणार, ज्याच्याशी माझं लग्न झालेलंच नाही.

बाई म्हणाल्या, वाचू नका, गप्पा मारा. समोर आपलं माणूस असलं की खरा आवाज येतो, आम्ही तो वापरू. म्हणून मी समोर बसले. पण आमचा सगळा संसार ‘हूं’ आणि भुवयांवर झालाय. बसलो एकमेकांकडे बघत. मग जोडीदाराला बसवलं, तर दोघंही खांबावर चढले, आणि शेजारीण भांडण सोडवायला धावत आली.

मला हवा आहे तो आवाज कोणता, ते मला माहीत आहे. तू लहान असताना बाबा घरी दोन जुने फोन तारेने जोडायचे, एक तुझ्या खोलीत, एक ओसरीवर. ते विचारायचे, "ऐकू येतंय का?" तू आतून म्हणायचीस, "येतंय, बोला!" आणि मग तो मुखदुर्बळ माणूस तासतासभर बोलायचा. साळुंकी खांबावर घरटं कसं बांधते, वादळात तार कशी गाते, काय काय. हळू, अगदी हळू आवाजात. मी इकडे काजं करत ऐकत असायची. तो आवाज माझ्या वाट्याला फक्त ऐकण्यापुरता आला, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी बिनतारी डबीही आणली. अंथरुणाला खिळलो की तार पलंगापर्यंत माझ्या मागे मागे फिरणार नाही, म्हणाले. कपाटामागे लपवली नाही, स्वयंपाकघराच्या पत्र्याजवळ नाही, घराच्या मध्यावर उंच लावली. अशीच लावायची असते हे कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही. शिडीवरून उतरताना तेच पुटपुटले, "ठमीचंच खरं निघालं." तो साधाच आवाज होता, आणि माइक बंद होता.

आता हे पत्र का लिहिलं ते. बाबांची जुनी शिस्त तुला आठवते, तार टाकली म्हणजे काम झालं नाही, पलीकडून माणूस बोलला की लाइन पास, आणि मगच सॉकेटला झाकण. घरातल्या बाकीच्या सॉकेटना झाकणं लागली. तुझ्या खोलीतला तेवढा अजून उघडा आहे. धूळ जाते म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, "लाइन पास नाही झाली अजून." अहो, त्याच लाइनीवरून तुमची सगळी मुद्रणं गेली की, म्हटलं. परवा दुपारी मी त्या खोलीच्या दाराशी गेले तर ते तुझ्या टेबलापाशी एकटेच बसले होते, कॉम्प्युटर बंद, आणि त्या बंद पडद्याला विचारत होते, "ऐकू येतंय का?" विचारून थांबले. बराच वेळ थांबले. ठमे, त्यांना माफी मागता येणार नाही आणि तूही मागू नकोस, तेवढा वेळ आता नाही. कॉम्प्युटरवर कॉल कसा लावायचा ते तुला मी काय सांगणार? रोज सकाळी चहा झाला की ते त्याच खोलीत असतात, माइक चालू करून. तू फक्त लाव. ते काय विचारतील ते तुला ठाऊक आहे आणि काय उत्तर द्यायचं तेही. पुढचं त्यांना बोलू दे. झाकणाचे दोन स्क्रू मी माझ्या बटणांच्या डबीत जपून ठेवलेत.

वाट पाहणारी,
तुझीच,
आई