मामा पोचल्याबिगर गोष्ट न्हाई

१० नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीनंतर तांड्यावरची शाळा आज भरली. कमिटीची अध्यक्ष मी, म्हणून सगळ्यांच्या आधी गेले. खरात मॅडम, नव्या हेडमास्तर, जालन्याच्या. पहिलीत मराठीत विचारून राह्यल्या, अन् पोरं दगडावानी बसलेली. घरी सगळे गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलतेत, मराठी येणार कुठून? एकटी माझी नात पायल, दिवाळीत जालन्याहून राहायला आलेली, पटापट बोलली. लई गुमान वाटला.

घरी आल्यावर उतरला. सासूनं पायलला गोरमाटीत पाणी मागितलं. ही माझ्याकडं बघून म्हणती, "आज्जी, दादी काय म्हणती?"

माझंच पाप. पोरगा, पायलचा बाप, जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कंपनीत लागला तवा मीच बजावलं, लेकरासंग मराठीच बोल. तिसरीत माझ्या बोलीला सगळे हसले, मी पाटी फेकून घरी आले ती आले. पायलचं तसं नको म्हणून. आता पणजी अन् पणती एका चुलीपाशी मुक्या.

१२ नोव्हें., बुधवार
ख. मॅडम म्हणल्या, शनिवारी पहिल्या तासाला तुमच्या सासूबाईंना आणा. गोरमाटीत गोष्ट सांगतील, मंग पोरं तीच मराठीत सांगतील. मी लगेच हो म्हणले. पायलच्याबी कानावर पडंल.

मीटिंगमधी पहिलीतल्या विकीचा बाप धनसिंग आडवा. "गोरमाटी घरी फुकट येती. शाळेत मराठी शिकवा, जमलं तर इंग्लिश."
मी म्हणले, "तुझ्या विकीला मराठीत लघवीला जाऊ का इचारता येत न्हाई, रोज चड्डी ओली करतो. ते आधी शिकव."
सगळे हसले. एक शनिवार मंजूर. जमलं न्हाई तर बंद, असं धनसिंगनं लिहून घेतलं.

१५ नोव्हें., शनिवार
फजिती. सासू ठेवणीतला घागरा घालून आल्ती, खुर्चीवर बसली, अन् गप. मॅडम वाट बघून राह्यल्या.
"सांगा की," मी म्हणले.
"दिवसा? दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो."
घ्या! लहानपणापासून ऐकलेलं, अन् मीच विसरले. मॅडम म्हणल्या, खिडक्या लावू, अंधार करू. सासू म्हणली, "खिडकी लावली म्हणून सूर्य मावळतो का?" पोरांचे निम्मे मामा परवाच ट्रकात बसून ऊसतोडीला गेलते. "आज रस्त्यात हायेत ते. त्यांचं काय झालं म्हंजी?" अन् उठून गेली.
धनसिंग दारात दात काढून उभा. मी मॅडमच्या हातापाया पडून अजून एक शनिवार मागितला.

१७ नोव्हें., सोमवार
दोन दिवस सासूशी बोलले न्हाई. आज भाकरी थापताना डोक्यात आलं. इचारलं, "मामा एका जागी बसलेला असंल, तर?"
तिनं सुपारी चावली, चावली. "बसलेला मामा कसा चुकंल?"
झालं. वही घेऊन घरोघर, मामांचे नंबर. धनसिंगनं मेव्हण्याचा नंबर दिला न्हाई. त्याची बायको मागच्या दारानं आली, "लिहा ताई."

२० नोव्हें., गुरुवार
फोन करून करून कान गरम. सगळे पोचलेत, फडावर राहायला पाचटाच्या कोपी पण बांधल्या. एक म्हणला, "ताई, चाळीस वर्षाचा झालो, मी पोचलो का म्हणून आजपर्यंत कोणी इचारलं न्हाई." अन् रडायला लागला येडा. जल्दी फोन ठेवला.

२२ नोव्हें., शनिवार
झालं!! सासू हटली न्हाई, प्रत्येक मामा फोनवर ऐकला, मंगच तोंड उघडलं. विकीचा मामा म्हणला, "सांग दादी, बाजेवर बसलोय. संपेपर्यंत उठत न्हाई." पायलचा मामा टेम्पो चालवतो. चहाच्या हॉटेलापाशी थांबवला त्याला. "उरका लवकर, माल उतरायचाय!"

कोल्ह्यानं म्हातारीची भाकर पळवली ती गोष्ट. सासू कोल्ह्यावानी अशी वरडली की मॅडम दचकल्या. पोरं बाकावर उभी. पायल विकीला चिकटून बसलेली, दर शब्दाला "काय म्हणली? काय म्हणली?" अन् विकी तिला मराठीत सांगून राह्यला. मोडकंतोडकं, पण सांगून राह्यला! मॅडम माझ्याकडं बघतेत, मी त्यांच्याकडं.
धनसिंग दाराबाहेर होता. म्हणला, "पुढल्या शनिवारी कोणती गोष्ट?" मी म्हणले, तुला काय करायचं, चड्डी धू.

२३ नोव्हें., रविवार
पोरगा गाडी घेऊन आला. पायलला जालन्याला न्यायचं, इंग्लिश शाळेत जागा हाय म्हणतो. खाली उतरला बी न्हाई. पायल सासूला चिकटून गोरमाटीत म्हणली, येत न्हाई. एवढंच येतं तिला.  मंग पोरगाबी गोरमाटीत काहीतरी लांबलचक बोलला. लेकरासंग पहिल्यांदाच.
पायल मला म्हणती, "पप्पा काय म्हणले?"
मी म्हणले, दादीला इचार.
मंग दोघी बसल्या. सासू एकेक शब्द सांगती, पायल उलटंपालटं म्हणती, सासू तिला टपली मारती. मी मधी बोलले तर दोघी माझ्यावरच वसकल्या.
पोराची गाडी तशीच चालू. म्हणले, बंद कर की, पेट्रोल जळतंय.
केली बंद.