जाळीतला चेंडू

३ मार्च, सकाळी ७
नव्या संपादकबाईंचा फोन. गाजलेल्या वृत्तांतांमागच्या गोष्टी छापणार आहेत, पहिला मान माझ्या फुटबॉल फायनलला. शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल खाऊन आपण हरलो होतो, आणि मी लिहिलं होतं : 'पराभव अकरा जणांचा, पण जाळीतला चेंडू काढायला वाकला एकटा गोलकीपर.' या वाक्यावर मी एकतीस वर्षं मिरवतोय.
सहाशे शब्द, दहा तारखेपर्यंत. रोज शंभर. डाव्या हाताचा मळ.

४ मार्च
शून्य शब्द. पेन नवं आणलं. निळं निघालं. मी काळ्यानेच लिहितो.

५ मार्च
कात्रण सापडेना. ही म्हणाली, माळ्यावर, स्वेटरच्या बॅगेत. तिथेच होतं. हिची स्मरणशक्ती दांडगी, साहित्याची जाण मात्र बेताची. लग्नाआधी आमच्याच ऑफिसात होती. बातमीदार फोनवर सांगतील ते उतरवून घ्यायचं, एवढंच काम.

६ मार्च, संध्याकाळी
बावीस शब्द. पैकी माझं नाव तीनदा. शेवटचा गोल डोळ्यांपुढे आणायला डोळे मिटले. साडेपाचला जाग आली.

७ मार्च
आठवलं. मैदानाजवळ फोन एकच, सायकलवाल्याकडे. बाकीचे बातमीदार तिथे तुटून पडणार म्हणून पाच मिनिटं आधीच मी सटकलो. पहिला नंबर माझा. म्हणजे गोल मी पाहिले नाहीत. गलका ऐकला असणार. प्रतिभेला तेवढं पुरतं.

८ मार्च
हिला सहज विचारलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, तुम्ही 'आपण जिंकलो' असं सांगून फोन ठेवलात. ऑफिसात रेडिओ चालू होता, म्हणून हरल्याचं कळलं. तुम्हाला गाठणार कुठे? मग शेवट मीच लिहिला.
गोलकीपर वाकला हे रेडिओवर सांगितलं का, विचारलं. नाही म्हणाली. सगळे निघून गेले की कुणाला तरी आवरावं लागतंच ना.
इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणे, तुम्ही विचारलंत कधी?

९ मार्च
लेख पूर्ण. मोठ्या मनाने हिचा उल्लेख करायचं ठरवलं. शेवटी, कंसात. पण पाचशे अठ्ठ्याण्णव शब्द झालेत, जागा नाही.

१० मार्च
लेख पाठवायच्या आतच संपादकबाईंचा फोन. जुन्या फायलीत वृत्तांताचा मूळ कागद सापडलाय. माझं 'आपण जिंकलो' खोडलेलं, खाली नवा शेवट आणि हिची सही. हिच्याशी बोलायचंय म्हणाल्या. तासभर दोघी फोनवर बोलत होत्या. चहा मी केला. साखर कुठे असते ते विचारायला दोनदा आत डोकावलो.

१७ मार्च, सकाळी
लेख आला. नाव हिचं, फोटो हिचा. माझाही उल्लेख आहे. शेवटी, कंसात.
खरं सांगायचं तर लागलं. मग ते वाक्य पुन्हा वाचलं. चांगलंच आहे, आता तर जास्तच.
कात्रण कापून ठेवलं. उरलेला पेपर खोलीभर पसरला होता. ही केव्हाची फोनवर, अभिनंदन घेत होती. शेवटी मीच वाकलो.