वरच्या रेघेपर्यंत

४ फेब्रुवारी

चि. ठमी हिस,
अ. उ. आ.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. तुझी आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गुडघ्याला पट्टा बांधते की नुसती कण्हते? तिला म्हणावं, भावाचं ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती.

माझ्या दाढेनं आठवडाभर रडवलं, तेव्हा डॉक्टरबाईंकडे गेलो. बाहेरच्या खोलीत तू शेजारच्या गावाहून येऊन सांभाळतेस ती समुद्री पाण्याची टाकी पहिल्यांदाच नीट बघितली. काय ऐट! नारिंगी मासे, जांभळी पोवळी, दाढ ठणकत असूनही मी पाच मिनिटं हलेना. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? मग कपाटावर तुझी नोंदवही दिसली आणि त्या अभिमानाची वाफ झाली.

अल्कलिनिटीच्या रकान्यात अकरा आठवडे आठ, आठ, आणि पुन्हा आठ. अगं, ते पाणी आहे की शाळेतला पाढा? पाण्याचा आम्ल पचवायचा दम म्हणजे अल्कलिनिटी. पोवळी तोच खाऊन वाढतात, मग तो एका जागी बसून राहील कसा? एकतीस वर्षं मी गावाच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली, मला शिकवतेस? आणि ही घरगुती थेंबांची किटं म्हणजे निव्वळ खेळणी. ती दर आठवड्याला तेच उत्तर देतील, हे कोणाला पटेल?

म्हणून बाजारातून तसलंच एक किट आणलं आणि काल डॉक्टरबाईंसमोर, बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर, पाणी तपासून दाखवलं. निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक अंश. चौथ्याच थेंबाला पिवळं! तुझ्या वहीत आठ, माझ्या नळीत चार. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी भाचीला पाठीशी घालणारा माणूस नव्हे. पोरीनं आकडे घरी बसून लिहिलेत, असं तोंडावर सांगून मोकळा झालो.

रागावशील, खुशाल रागाव. कान टोचायला मामाच लागतो. लेकीला पापा.

तुझ्यावर लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं,
मामा


१० फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंचा निरोप आला की सोमवारपासून येऊ नकोस. वकिलांच्या ऑफिसातूनही तोच निरोप. तुम्ही तपासणी केलीत तेव्हा फर्निचरवाले गाल सुजवून तिथेच बसले होते, त्यांनी तर टाकीची किल्लीच परत मागवून घेतली. चारांपैकी तीन टाक्या गेल्या. टाक्या पुन्हा मिळतील, पण ज्या बाईला तिच्या सख्ख्या मामानं खोटारडी ठरवलं तिला घरात कोण घेईल?

तुमच्याशी भांडायचं नाही. एवढंच सांगते की आठ येतो, कारण मी तो आठवर राखते. पोवळी रोज जेवढं खातात तेवढं एक छोटा पंप थेंबथेंब परत घालतो. बाटली सरळ उभी धरून, एकेक थेंब टाकून, नळी हलवून, दोनदा तपासते. दोन्ही वेळा जुळलं नाही तर तिसऱ्यांदा. किट खेळणं असेलही, पण नवीन किट फोडलं की आधी ठरावीक ताकदीच्या पाण्यावर ते खरं बोलतंय का बघते, मगच टाकीला लावते.

तेच ठरावीक ताकदीचं पाणी सोबतच्या बाटलीत पाठवलंय. तुमच्या किटवर तपासा आणि आलेला आकडा आधी कागदावर लिहा. मगच पाकीट फोडा, आत खरा आकडा आहे. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुमची खोड मला माहीत आहे, म्हणून पाकिटाला चांगला डिंक लावलाय.

आई बरी आहे. तुमचं पत्र वाचून ती तुमच्यावर नाही, माझ्यावरच चिडली. दादा खोटं बोलणार नाही, म्हणाली.

माया आटू देऊ नका,
ठमी


३ मार्च

चि. ठमी हिस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. दाढ काढली. जिन्याचा कठडा हलत होता, सुतार बोलावून तो बसवून घेतला. हवा बरी आहे.

डॉक्टरबाईंच्या आग्रहाखातर टाकीकडे सध्या मीच बघतो. पाण्यात खायचा सोडा थोडाथोडा घालून चाराचे सात केलेत. पोवळ्यांची टोकं जरा पांढरी पडलीत. तुझ्या वेळचंच काहीतरी आता बाहेर येत असणार.

बाकी विशेष काही नाही. आईला जिने चढू देऊ नकोस.

मामा


७ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बाटलीचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही. मी विचारणारही नव्हते, पण आता टाकीचा जीव जातोय, म्हणून विचारते.

हात जोडते, सोडा आजच्या आज थांबवा. दवाखान्यात नावं पुकारणारी ताई सांगत होती की पाणी गढूळ झालंय आणि पंप घरघरतोय. पांढरी टोकं माझ्या वेळची नाहीत, मामा, ती सोड्यानं जळालीत.

मी दोन दिवस विचार करत होते की तुमचे चार कुठून आले. आठाचे बरोब्बर निम्मे! किटच्या नळीवर दोन रेघा असतात. खालच्या रेघेपर्यंत भरलं तर पाणी निम्मं, मग थेंबही निम्मेच लागतात. अल्कलिनिटीला वरच्या रेघेपर्यंत भरायचं असतं. किटमधल्या कागदावर ते लिहिलेलं असतं. तसं झालं असेल तर तुमचे सात म्हणजे खरे चौदा आहेत.

मला कामावर परत घेऊ नका म्हणावं, माझी तक्रार नाही. पण ते मुके जीव माझ्या हातचे आहेत.

उत्तराची वाट बघते. राग नाही, भीती आहे.

ठमी


१२ मार्च

चि. ठमी हिस,
अ. उ. आ.

तुझ्यासमोर असतो तर हे बोलू शकलो नसतो. लिहितानासुद्धा दोन कागद फाडले.

तुझी बाटली आली त्याच दिवशी तपासली. चार आले. पाकीट फोडलं, आत आठ. मी काय करायला हवं होतं ते शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि स्वतःला सांगितलं की पोरीनं आकडाही सोयीचा लिहिलाय. सोडा थांबवला असता, तर का थांबवला हे बाईंना सांगावं लागलं असतं. म्हणून घालत राहिलो. तीन आठवडे, ठमे! त्या पोवळ्यांना मी माझ्या नाकासाठी जाळलं.

तुझं पत्र आल्यावर भिंग घेऊन किटमधला कागद वाचला. एकतीस वर्षं पाणी तपासलेला माणूस खेळण्याचा कागद काय वाचणार, या तोऱ्यात तो मी उघडलाच नव्हता. मग दवाखान्यात गेलो आणि नळी वरच्या रेघेपर्यंत भरली. पंधरा थेंब लागले. पंपावर पांढरा क्षार चढलाय. मासे जगलेत. जांभळं पोवळं गेलं, आणखी दोन गेली.

ज्या खोलीत तुला खोटारडी म्हटलं, त्याच खोलीत काल सकाळी उभा राहिलो आणि बसलेल्या सगळ्यांना सांगितलं की भाचीचे आठ खरे होते, चूक माझी होती. बाईंनी तुला ताबडतोब बोलावलंय. फर्निचरवाल्यांकडे आणि वकिलांकडेही जाऊन आलो.

इथेच थांबलो असतो तर तू मला माफ केलं असतंस. म्हणूनच थांबत नाही.

वही बघून मला एवढ्या लवकर संशय कसा आला, हे तू विचारलं नाहीस. नोकरीची शेवटची दोन वर्षं माझे गुडघे जिने मोजायला लागले होते. गावात बारा ठिकाणांहून नमुने आणायचे असत. लांबच्या पाच ठिकाणी मी बहुतेक वेळा जातच नसे. खुर्चीत बसून आकडे लिहायचो. एकशे बारा, मग एकशे अठरा, मग एकशे पंधरा. सारखे लिहिले तर पकडतात, म्हणून हलवून लिहायचो. तुझे अकरा आठ बघितले आणि मनात आलं की पोर कच्ची आहे, हिला आकडे हलवायचंही सुचलं नाही. मला तू खोटं लिहिल्याचा राग आला नव्हता. इतकं अडाणी खोटं लिहिल्याचा आला होता. कोणी राखलं म्हणून आकडा स्थिर राहतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कोणी आजारी पडल्याचं माझ्या कानावर नाही. पण ते माझं कर्तृत्व नव्हे.

तुझ्या पायाशी बसायची लायकी नसलेला,
मामा


१७ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

टाकी परत घेतली. रोज थोडं पाणी बदलतेय, घाई केली तर उरलेलंही जाईल. वकिलांकडचंही काम परत मिळालं. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात हे नावं पुकारणाऱ्या ताईनं सांगितलं. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

टाकीचं मी माफ केलं. दुसऱ्या गोष्टीचं करता येत नाही, कारण ते माझ्या हातात नाही.

मामा, आठवून बघा, त्या दोन वर्षांत आम्ही तुमच्याच गावात राहत होतो, डोंगराकडच्या शेवटच्या वस्तीत. लांबच्या पाच ठिकाणांतलंच ते एक. माझी लेक तेव्हा तान्ही होती. माझ्या शेजारणी दुसरीकडून पाणी आणायच्या. मी नळाचंच पाणी घ्यायचे, त्यांना हसायचे, आमचं पाणी माझे मामा तपासतात म्हणून मिरवायचे.

हे तुम्ही मला सांगितलंत, कारण मी घरातली आहे, बाहेर बोलणार नाही. आईला मी पत्र वाचून दाखवलं नाही. पण ज्यांना सांगायला हवं, त्यांना सांगितलंत का?

ठमी


२९ मार्च

चि. ठमी हिस,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी अ. उ. आ.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो आणि लेखी दिलं. साहेब नवीन आहेत, वयानं तुझ्याएवढे. आता चार वर्षांनी हे कशाला, कोणी तक्रार केलीय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, केलीय, एका लहान मुलीच्या आईनं. त्यांनी बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

चौकशी सुरू झालीय. त्या पाच ठिकाणचं पाणी आता पुन्हा तपासतायत, आजवर तरी ठीक आलंय. माझ्या जुन्या वह्या बाहेर काढल्यात. गुडघा बरा असला की मी कधीकधी लांबच्या ठिकाणीही जायचो, म्हणून कुठला आकडा खरा आणि कुठला मनातला, यावर खूण करायचं काम मलाच दिलंय. कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. जुने सहकारी चहा आणून ठेवतात आणि माझ्याकडे न बघता निघून जातात.

आज पहिली वही संपवली. एकही खूण करता आली नाही, ठमे. सगळे सारखेच दिसतात. सगळ्यांचं अक्षर माझंच आहे, आणि मला ओळखता येत नाहीत.

लोभ मागत नाही. पत्र मात्र पाठव.

मामा