एकतीस वर्षांच्या कॉलरी

२ मार्च
निवृत्त होऊन बावीस दिवस. विणकामात जीव रमलाय, तहानभूक विसरलेय. यांच्यासाठी विणायला घेतलेला मफलर संपतच नाही – थांबायचं कुठे ते मला कळत नाही, आणि हे बिचारे रोज गळ्याला लावून बघतात. आता दोघांना पुरेल. क्रोशाचे रुमाल टीव्हीवर, फ्रिजवर, पाण्याच्या पिंपावर. "मी जरा वेळ हललो नाही तर माझ्यावरही घालशील," म्हणाले.

५ मार्च
लेकाचं चष्म्याचं दुकान चोवीस तारखेला उघडणार. जेवताना म्हणाला, "आई, त्या दिवशी मी तू शिवलेलाच शर्ट घालणार." मी ताबडतोब हो म्हटलं. आनंदच झाला!

आता खरं लिहिते, इथे कोण वाचतंय. एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात काढली, पण अख्खा शर्ट एकही शिवला नाही. मी कॉलरीवर होते. माझ्या टेबलावर कॉलर यायची, कॉलर जायची. बाही दुसरीकडे, खिसा तिसरीकडे, काज-बटणं तर वरच्या मजल्यावर. हे मात्र जगाला सांगत आले – "आमच्या हिच्या हातचे शर्ट बोटीने परदेशात जातात." पहिल्यांदा बोलले तेव्हाच टोकायला हवं होतं. ऐकायला गोड वाटलं, गप्प बसले. आता निस्तरा.

७ मार्च
कापड आणलं. साधं निळं, सव्वादोन मीटर. मशीनला तेल घातलं आणि हात आपोआप सुरू. अकरा मिनिटांत कॉलर! टोकं अशी की बघत राहावं.

मग नुसतीच बसून राहिले. कॉलर आहे, शर्ट नाही.

८ मार्च
लेकाचा जुना शर्ट टीप न् टीप उसवला. तुकडे जमिनीवर मांडले. एवढ्याशा गोष्टीत एवढे भाग असतात! हे पेपर वाचायला आले आणि शर्टाच्या पाठीवर पाय देऊन उभे राहिले. "हे काय?" "सफाई," म्हटलं.

११ मार्च
खिसा. तीनदा उसवला, चौथ्यांदा सरळ आला. त्यात उगाच पेन ठेवून पाहिलं.

१५ मार्च
पाठ, पुढचे दोन्ही भाग, खांदे – झालं! सकाळी उठल्या उठल्या मशीनकडे धावते, दात घासायच्या आधी. कापडाला माणसाचा आकार येताना कसं वाटतं, हे मला या वयात कळलं. एकतीस वर्षं ही मजा चार टेबलांपलीकडे चालू होती आणि मी कॉलरी मोजत बसले होते.

१८ मार्च
घात झाला. दोन्ही बाह्या डाव्या. जुन्या बाहीचा एकच तुकडा दोनदा ठेवून कापड कापलं, दुसऱ्या वेळी उलटवायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. दुकानात पळाले, तर म्हणे तो तागा संपला. सहा दिवस उरलेत. रडले, खरंच रडले.

२० मार्च
बाहीवालीकडे गेले. ती माझ्या दोन वर्षं आधी निवृत्त झाली. कारखान्यात माझ्यापुढे चार टेबलं. बावीस वर्षं तिची पाठ पाहिली, बोलणं काय ते मीठ मागण्यापुरतं. पत्ता विचारत विचारत दारात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं, घरच्या थापेसकट.

ती हसली नाही. बाही हातात घेऊन कापड चाचपलं. "अगं, हे दोन्ही बाजूंनी सारखंच आहे की. एक उलटव. झाली उजवी."

झाली की उजवी! मीच वेंधळी. मग तिने बसवून शिकवलं. "बाही मुंढ्याच्या घेरापेक्षा थोडी मोठीच असते. ओढायचं नाही, बोटांनी हळूहळू जिरवायचं." तिची बोटं बघावीत नुसती. दोन तास कसे गेले कळलं नाही, चहा तेवढा निवला. कारखान्यात ही बाई इतकी जवळ होती आणि मला तिचा आवाजही धड माहीत नव्हता.

२४ मार्च
शर्ट बसला! छान बसला! लेक आरशासमोरून हलेना.

दुकानात माणसं जमली आणि हे सुरू झाले. लेकाच्या सासऱ्यांना म्हणाले, "एकतीस वर्षं असे हजारो शर्ट..." माझ्या तोंडून निघूनच गेलं, "नाही हो. मी फक्त कॉलरी शिवल्या. हा माझा पहिला शर्ट."

लेकाने खाली शर्टाकडे पाहिलं, बाहीवरून हात फिरवला. "म्हणजे पहिला मला मिळाला," म्हणाला.

हे मात्र खट्टू झाले. घरी येताना म्हणाले, "मला तरी सांगायचंस." खरं आहे त्यांचं. चुकलंच माझं, तसं सांगितलंही. दाराचं कुलूप काढताना म्हणाले, "माझं माप कधी घेतेस?"

२५ मार्च
सकाळी बाहीवालीचा फोन. अगदी दबक्या आवाजात. "ऐक. माझ्याही घरी सगळ्यांना वाटतं मी अख्खे शर्ट शिवायचे. दोन वर्षं झाली, नवऱ्याला नि नातवांना बिनकॉलरचे शिवून घालतेय – फॅशन आहे म्हणून. मला कॉलर शिकवशील?"