साधं की सुपर

२ एप्रिल १९७९, सोमवार

नववीची जुनी वही सापडली. मागची पानं कोरी आहेत. आजपासून रोज लिहीन.

शाळा सोडून तीन वर्षं झाली. मास्तर उभं करून मोठ्यानं वाचायले लावत, म्हणून सोडली. घरी पोट दुखते सांगितलं होतं.

बाबाचे मोठे भाऊ महादेवराव, म्हणजे आमचे मोठेबाबा, यायनं कन्हानच्या एका खाणवाल्या साहेबाची जुनी ॲम्बेसेडर घेतली. घरात लायसन फक्त माझ्याजवळ. परीक्षेत आरटीओच्या माणसानं काही विचारलंच नाही, म्हणून पास झालो.

गाडी आतून घाण आहे. तो खाणवाला साहेब मागच्या सीटवर काय खात होता देव जाणे. हँडलले हात लावला की चिकटते. तीनदा सोड्यानं धुतली. मोठ्या आईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, पूजा केली. नारळ फोडू नको म्हणे, गाडीतच राहू दे, नजर लागत नाही. लाल फडक्यात बांधून मीच डिक्कीत ठेवला.

५ एप्रिल

सेमिनरी हिल्सच्या चढावर टकटक. सपाटीवर नाही, चढावरच. मोठेबाबा म्हणे हे काय गा. मले तेव्हाच समजलं. एंजिनाले साधं पेट्रोल पचून नाही राहिलं.

पंपावर दोन मशिनी आहेत. एकावर ऑक्टेन ८३, साधं. एकावर ९३, सुपर. सुपर टाकलं की चढावर टकटक होत नाही, हे मी मॅगझिनच्या फाटक्या पानावर वाचलं. चिवड्याच्या पुडीचं पान होतं, पुढचं तेलात गेलं. जेवढं वाचलं तेवढं पुरे आहे.

उद्या सुपर.

६ एप्रिल

पंपावर नत्थूजी असतात. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, खांद्यावर फडकं. त्या फडक्यानं नाक पुसतात, मग त्याच फडक्यानं आपली काच.

घरून वाक्य पाठ करून गेलो होतो. नत्थूजी, आज सुपर टाका. दहा अक्षरं. जवळ आले, थुंकले, म्हणे साधंच ना गा? माझी मान हलली.

साधं टाकलं.

९ एप्रिल

पुन्हा गेलो. साधंच ना गा? मान हलली. मानेचं काहीतरी केलं पाहिजे.

११ एप्रिल

आज मोठेबाबांनी सगळ्यायसमोर सांगितलं. त्यायच्या पोरीचं, लतिकाताईचं, लग्न मे महिन्याच्या दहा तारखेले आहे. त्या दिवशी नवरदेवाले मारुतीच्या दर्शनाले तेलंगखेडीले न्यायचं, मग मांडवात आणायचं. टकटक बंद झाली तर गाडी पुंडलिक, म्हणजे मी, चालवंल. नाही तर डॉक्टरांच्या भैयाजीले बोलवीन. पाहुण्यायसमोर खडखड नको.

मी नवरदेवाची गाडी चालवीन. लग्नात मले कोणाशी बोलावं लागत नाही, कोणी विचारत नाही की आजकाल काय करतो. पुढं पाहून बसायचं, बस. मले हेच पाहिजे होतं. हे कोणाले सांगितलं नाही.

१२ एप्रिल

भैयाजी समोरच्या डॉक्टरांची फियाट चालवतात. मिशीले तेल लावतात. गाडी पाहाले आले, टायरले लाथ मारली आणि म्हणे पुंडलिक, ॲम्बेसेडर म्हणजे म्हैस, तिले साधं टाक, ती सुपर पिऊन घोडी नाही होत. आणि सगळे हसले. बाबाही हसले.

मग मी मनातल्या मनात उत्तर देलं. फार चांगलं होतं. आता आठवत नाही.

१६ एप्रिल

उपाय सापडला. बोलावं लागत नाही.

पंक्चरवाल्याच्या दुकानात दोन ट्रकवाले बोलत होते. टाकीत डांबरगोळ्या टाकल्या की साधं पेट्रोल सुपर होते म्हणे, गाडी उडते. मी टायर पाहून राहिलो असं दाखवलं आणि सगळं ऐकलं.

डांबरगोळ्या मोठ्या आईच्या लुगड्यायच्या पेटीत आहेत. भरपूर.

१७ एप्रिल

सहा गोळ्या टाकल्या. हात पाच वेळा धुतले, जेवताना वरणाले वास येत होता. शी. पण शास्त्रासाठी करावं लागते.

१९ एप्रिल

असर झाला. मोठेबाबांची कळमन्याले अडत आहे, तिथून संत्र्याच्या सात पेट्या आणल्या. डिक्की गच्च भरली, दोन पेट्या मागच्या सीटवर. चढावर एक आवाज नाही. मोठेबाबा शेजारी होते. पाठीवर हात मारला, म्हणे काय केलं गा? मी नुसतं हसलो.

भैयाजीले दाखवून देईन. आता त्या नत्थूजीसमोर उभं राहायची गरजच नाही.

२० एप्रिल

टकटक परत आली. संत्री काल रात्री उतरवली, गाडी तर आज हलकी आहे. म्हणजे चढ जास्त जोरात चढली, म्हणजे एंजिनाले जास्त ताकद लागते, म्हणजे गोळ्या कमी पडल्या. सरळ आहे.

आणखी दहा टाकल्या.

२४ एप्रिल

मोठी आई पेटी उघडून बसली. म्हणे गोळ्या कुठं गेल्या वं, उंदरायनं नेल्या काय. आई म्हणे उंदीर डांबरगोळ्या कायले नेतील? मोठी आई म्हणे मग माणसानं नेल्या असतील काय? दोघी हसल्या. मी उठून बाहेर गेलो.

२९ एप्रिल

एकूण अडतीस. एंजिन गरम असलं की चार गचके देते. ताकद आल्याचं लक्षण आहे. टकटक मात्र तशीच. ती जुनी सवय असंल.

४ मे

भल्ली गरमी. मोठ्या आईले बाजारात नेलं. अर्ध्या रस्त्यात म्हणे पुंडलिक, गाडीत माझ्या पेटीचा वास काहून येते? म्हटलं सीटचा असंल. म्हणे सीटले माझ्या पेटीचा वास काहून? हॉर्न वाजवला.

८ मे

ठराव. उद्या नत्थूजीले सुपर सांगीन. गोळ्या आणि सुपर मिळून शंभराच्या वर जाते, मी हिशेब केला. लग्नाच्या गाडीत चूक नको.

९ मे

साधंच ना गा? मान हलली.

तरी मोठेबाबा सकाळी म्हणे, टकटक थोडीच आहे, बँडमध्ये ऐकू येणार नाही, चालव तू. मी चालवीन. आईनं शर्टाले इस्त्री केली.

१० मे, गुरुवार, रात्री

लिहावं वाटत नाही. लिहितो.

नवरदेव मागं, बाशिंग बांधून, शेजारी त्याचा लहान भाऊ. मागून भैयाजीच्या फियाटमध्ये मोठेबाबा आणि चार पाहुणे. बँडवाले पायी येऊन राहिले होते. नवरदेवानं दार लावल्याबरोबर शिंकायले सुरुवात केली. म्हणे गाडीत कोणी लुगडे ठेवतात काय?

तेलंगखेडीच्या वाटेवर, सेमिनरी हिल्सच्या चढाच्या मधोमध गाडीनं चार गचके देले, आणि बंद पडली. पुन्हा सुरूच नाही झाली. ऊन असं की बोनेटवर हात ठेवला आणि कातडं राहिलं.

भैयाजी उतरले. पाईप काढला, फिल्टर हातावर झटकला. पांढरा गोळा पडला. वास घेतला. सगळ्यायले वास देला. नवरदेवाच्या भावालेही देला. मग नुसतं माझ्याकडं पाह्यलं. ते फार वाईट होतं.

मग म्हणे डिक्कीतला पाना दे. मी डिक्की उघडली. लाल फडकं सुटलेलं होतं. नारळ टपकन रस्त्यावर पडला आणि चढावरून खाली निघाला. बँडवाल्यायनं वाट देली. नारळ मोठेबाबांच्या नव्या चपलेले जाऊन लागला. टक.

तोच आवाज.

मोठेबाबांनी नारळ उचलला. कानाशी हलवला. पाणी नव्हतं. त्यायनं विचारलं हा कोणं ठेवला. मी म्हटलं, मोठ्या आईनं सांगितलं होतं, म्हणून मी ठेवला. एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच सगळ्यायसमोर बोललो असंन.

मग नवरदेव फियाटमध्ये जाऊन बसला. मोठेबाबा मले म्हणे, जा, पत्र्याची डबकी घेऊन चांगलं पेट्रोल आण. चांगलं म्हणाले.

अडीच कोस धावलो. बूट नवे होते, दोन्ही टाचा सोलल्या. नत्थूजी जवळ आले. साधंच ना गा? मी म्हटलं, सुपर. मोठ्यानं म्हटलं. पंपावरचे दोघं वळून पाहाले लागले. नत्थूजीनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, म्हणे मग आतापर्यंत सांगायले काय झालं होतं बाप्पा.

डबकी भरून परत आलो तर चढावर गाडी नव्हती. रस्त्यावर तेलाचा डाग आणि लाल फडकं. कुल्फीवाला म्हणे, तुमच्या माणसानं फियाटमधलं पेट्रोल नळीनं तोंडात ओढून डबड्यात काढलं, डबडं बोनेटवर बांधून नळी एंजिनात सोडली, आणि फियाट एका पाहुण्याले देऊन ही गाडी घेऊन गेला. साधंच होतं काय, विचारलं. त्याले काय माहीत.

ऊन, रस्ता, आणि हातात पाच लिटर सुपर. मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. वरातीले गाडी भैयाजीनं चालवली.

१३ मे

टाकी धुतली. भैयाजीनं साधं भरलं. मोठेबाबा स्वतः बसून सेमिनरी हिल्स चढून आले. आवाज नाही. मले वाटते गोळ्यायनं आतून सफाई झाली असंल. हे कोणाले सांगत नाही.

नारळ मोठ्या आईनं फोडला. आतून काळा, सडका. घरभर घाण वास. म्हणे नजर यानं घेतली. मग मी काय घेतलं?

उद्यापासून भैयाजी संध्याकाळी गाडीले येतील. मी धुवायची.

१५ मे

लतिकाताईच्या शालूवर पंगतीत वरण सांडलं होतं. डाग जात नव्हता. मोठ्या आईनं माझ्या डबकीतलं सुपर कापसावर घेतलं आणि पुसलं. पूर्ण गेला. म्हणे चांगलं पेट्रोल आहे रे. बाकीचं मोरीत ओतलं, घरात ठेवायले भीती वाटते म्हणे.

मग मले किराण्याच्या दुकानात पाठवलं. अडतीस डांबरगोळ्या आण, म्हणे, मोजून. रस्ताभर पाठ केलं. नत्थूजीले सांगितलं तर याले काय.

गर्दी होती. दुकानदार म्हणे, नेहमीचंच ना गा?

घरी पाव किलो चहापत्ती आणली.