शिवणीच्या बोटीच्या गळतीबाबत

आंजी (मोठी), जि. वर्धा
१६ नोव्हेंबर २००३

आदरणीय साडूभाऊ प्रभाकरराव यांस,

हरिदासचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत आणि तुम्हीही तिकडे मुंबईत बरे असाल असं धरून चालतो, कारण नसता तर कोकिळाताईंचा फोन आला असता. तुमची साखर आटोक्यात आहे ना? ताईंच्या गुडघ्यांना मोहरीचं तेल कोमट करून लावावं (जिजाबाई मागून सांगते की तिळाचं. दोन्ही लावा). आमची दीपमाला सावंगीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर शनिवारी घरी येते, माझं ब्लडप्रेशर मोजते आणि आकडा सांगण्याऐवजी नुसता चेहरा गंभीर करते. पत्र लिहिण्यास विशेष असं काही कारण नाही. सहज आठवण आली म्हणून लिहितो आहे.

मे महिन्यातलं लग्न तुम्हाला आठवत असेलच. हॉलच्या कारंज्यात तुम्ही ती रिमोटची बोट फिरवून दाखवली होती आणि सगळे पाहुणे नवरा-नवरीला सोडून तुमच्याभोवती जमले होते. अठ्ठावीस वर्षं गोदीत काढलेला माणूस, तुमचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण ते जरा लांबलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की एवढं तर आमचा रामाजी पण करील. तुम्ही नुसते हसलात. (ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.) महिन्याभरात तुमचं पार्सल आलं: मोटर, पितळी नळी, दांडा, पंखा, हाताएवढ्या एरियलचा रेडिओ, आणि सोबत चिठ्ठी, 'करून दाखवा.'

आता रामाजी कोण, ते सांगतो. आमच्या शेजारचा सुतार. मी कालव्यावर नोकरीला लागून इथे आलो त्या आठवड्यापासूनची आमची दोस्ती. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, त्यात लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात. ते नंदी चाळीस वर्षं रामाजीनेच केले. इथून हिंगणीपर्यंत पाहा, घरोघरी त्याच्या हातचा नंदी सापडेल. पण दोन वर्षांपासून बाजारात प्लास्टिकचे नंदी आले, डोळ्यांत लाल दिवा लागणारे. यंदा रामाजीच्या फाटकात एकही माणूस आला नाही. तो रोज अंगणात बसून पटाशीला धार लावायचा आणि तासायला लाकूड नाही म्हणून ती परत ठेवून द्यायचा. तेव्हा तुमचं पार्सल मी त्याच्याकडे नेलं ते थोडं माझ्या फुशारकीसाठी, आणि बरंचसं यासाठी. त्याने पंखा बोटाने फिरवून पाहिला आणि म्हणाला, "याले पाय नाईत भाऊ, नुसतं शेपूटच आहे."

पण केली हो! शिवणीच्या एका अखंड ओंडक्यातून दीड हात लांबीची बोट कोरून काढली. आतून पोखरत पोखरत भिंत भाकरीच्या जाडीवर आणली. कुठे सांधा नाही, खिळा नाही. तळ लाल, वरून हिरवा, आणि पाणी कुठवर यावं त्याची पांढरी रेघ मी स्वतः मारली. दोन्ही बाजूंना टपोरे डोळे (बैलाचे), आणि पुढे लाल गोंडा, त्याला घुंगरू. बोटीला गोंडा नसतो असं मी म्हणून पाहिलं, तर म्हणे, "बिना गोंड्याचा नंदी म्या आजवर घराबाहेर काढला नाई." मी म्हटलं, राहू द्या.

भैय्याजी म्हणून आमच्याकडचे कापसाचे व्यापारी आहेत, त्यांच्या शेततळ्यावर बोट सोडली. अर्धं गाव आलेलं. बोट तीस-चाळीस हात गेली, ऐटीत वळली, घुंगरू वाजलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी वेग वाढवला तशी ती नमस्काराला वाकल्यासारखी पुढून वाकली आणि बुडाली. भैय्याजी म्हणाले, "पानबुडी आहे हे आधी सांगायचं ना बाप्पा!" लोक हसले. रामाजी कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात उतरला, बोट काढून छातीशी धरून वर आला, आणि सगळ्यांसमोर बोलून बसला, "माह्या कामातून पानी शिरलं असंल त म्या पटाशी ठेवून देतो. पुन्हा हात लावत नाई." नुसता बोलला नाही, घरी जाऊन पटाशी तेल लावून पोत्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. गळती कुठे आहे ते कळेपर्यंत खाली काढणार नाही म्हणाला. प्रभाकरराव, खरं सांगतो, मला भीती वाटली. दुसरं काहीही न येणारा पासष्ट वर्षांचा माणूस, त्याच्या हातातून पटाशी गेली तर तो दिवसभर करणार काय? तेव्हा गळती शोधायची, आणि ती रामाजीचं काम सोडून कुठेही सापडली पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं.

तीस वर्षं कालवा निरीक्षक म्हणून काढलेला माणूस मी. मैलोगणती पाळू (कालव्याचे बांध) तुडवून ओल शोधली, तर दीड हाताची बोट ती काय? अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात बोट सोडली, आत वर्तमानपत्र अंथरलं. दिवसभर तरंगली, कागद कोरडा. मग दीपमालाच्या पावडरचा डबा आत रिकामा केला, म्हणजे पाण्याचा ओघळ कुठून निघतो ते उमटेल. पावडरही कोरडी (आमची म्हैस मात्र त्या टाक्याचं पाणी दोन दिवस हुंगून सोडून देत होती). मग उलटा प्रयोग केला: बोटीतच निळीचं पाणी भरलं, ती वाळत घालायच्या दोरीला टांगली आणि थेंब कुठून पडतो ते पाहत बसलो. पाणी अर्थातच रेघेपर्यंतच भरलं. रेघेच्या वर पाणी चढवायचं नाही, या एका नियमावर माझी सगळी नोकरी झाली आहे. एक थेंब पडला नाही. (जिजाबाईच्या पांढऱ्या चादरीवर नीळ पडली ती बोट उतरवताना. ती गळतीत धरायची नाही.) मग पितळी नळीतून दांडा उपसून ग्रीस ठासलं, सुकाणूच्या भोकाला आणि झाकणाच्या कडांना एमसील थापलं, आणि रेडिओचा आतला डबा भिजू नये म्हणून फुग्यात घालून तोंड बांधलं. दुकानात वाढदिवसाचा गुलाबी फुगाच तेवढा होता.

या सगळ्या कामात रामाजी रोज सकाळी हजर. मी सांगायचं आणि त्याने धरायचं, त्याने सुचवायचं आणि मी नाही म्हणायचं. दोघांची डोकी टाक्यात. जिजाबाई चहा ठेवून जाताना म्हणाली, "रिटायर झाले तवापासून पह्यल्यांदाच तुमी माह्या सैपाकात लक्ष घालून नाई राह्यले." पण शेततळ्यावर दुसऱ्यांदा नेली, हळू चालवली तोवर ठीक, वेग दिला की बुडाली. तिसऱ्यांदाही तेच.

गेल्या मंगळवारी बोट वाळायला खुंटीवर उलटी, तोंड खाली करून टांगली होती. जिजाबाई खालून झाडत होती, तिच्या डोक्यावर टपकन थेंब पडला. तिने गोंडा वर करून पाहिला आणि मला हाक मारली, "अहो, याच्या नाकात भोक आहे." होतं! या बाजूने त्या बाजूला आरपार, पेन्सिल जाईल एवढं. वेसणीचं. चाळीस वर्षं रामाजी नंदीच्या नाकात वेसणीचं भोक पाडतो; बोटीला नाक दिसलं, हाताने आपसूक पाडलं, वेसण ओवली आणि तिलाच गोंडा बांधला. नंदीचं नाक भरीव असतं, बोट आतून पोकळ. भोक रेघेच्या दोन बोटं वर, म्हणून टाक्यात कधी ओलं झालं नाही; बोट जोरात निघाली की पाणी नाकापर्यंत चढतं आणि दोन्ही नाकपुड्यांतून आत शिरतं. तीस वर्षं मी रेघेच्या खाली शोधत आलो, तसाच इथेही.

आता रामाजीला हे कोणत्या तोंडाने सांगू? लाकूड तडकलं असतं तर लाकडाला दोष देता आला असता. ही चूक त्याच्या हाताची, आणि हातावरच तर त्याचा भरवसा. बुधवारी त्याने विचारलं, "सापडली काय गळती?" मी म्हटलं, शोध चालू आहे. इतक्या वर्षांच्या दोस्ताशी खोटं बोललो, फार वाईट वाटलं.

असो. कोकिळाताईंना नमस्कार. डिसेंबरात नक्की या, बोर धरणावर जाऊ.

आपला,
हरिदास

ता. क. विशेष कारण नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. तुम्ही पाठवलेल्या कॅलेंडरवर मोठी जहाजं आहेत, त्यांच्या नाकाशी दोन्ही बाजूंना नांगराच्या साखळीची भोकं दिसतात. तर रामाजीला एक पत्र लिहा: नाकात भोक हवं हे न सांगता ओळखणारा कारागीर गोदीतही पाहिला नाही, फक्त लहान बोटीत ते खुंटी मारून बुजवतात, आणि हे चिठ्ठीत लिहायचं राहिलं ही चूक माझी. 'चूक माझी' हे दोन शब्द लिहिणं तुम्हाला जड जाईल, याची कल्पना आहे. पण लिहाच. पुढच्या लग्नात सगळ्यांसमोर मी तुमची तारीफ करीन, आणि मध्ये काहीही बोलणार नाही.

ता. क. दुसरा. वरचं पत्र जिजाबाईने वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. रामाजीला ते भोक पहिल्याच दिवशी, शेततळ्यावरून बोट घरी नेतानाच दिसलं होतं! नाकातून धार लागली होती म्हणे. काल तिने त्याला सरळ विचारलं, तर म्हणाला, "वयनी, चारचौघांत बोलून बसलो, आता कोन्या तोंडानं सांगू? आन् हरिदासभाऊ रोज सकायी इतक्या खुशीत शोधून राह्यले, त्याईचा खेळ काऊन मोडू?" मी तसाच उठून त्याच्याकडे गेलो. बोट त्याच्या पुढ्यात ठेवली आणि गोंडा वर केला. मग त्याने माळ्यावरून पोतं काढलं, पटाशी पुसली आणि शिवणीची खुंटी तासून भोकात ठोकली. माझे डोळे भरून आले. त्याने ते पाहिलं आणि खुंटीकडेच बघत राहिला. तेव्हा रामाजीला पत्र लिहू नका, गरज उरली नाही.

ता. क. तिसरा, १७ नोव्हेंबर. आज सकाळी बोट शेततळ्यावर नेली. पूर्ण वेग दिला. बुडाली नाही, तीन फेऱ्या मारून काठाला लागली. झाकण उघडलं तर आत कपभर पाणी! नाक कोरडं ठणठणीत. रामाजी म्हणतो दांड्याच्या नळीतून, मी म्हणतो सुकाणूतून. उद्या सकाळपासून पुन्हा टाक्याशी बसायचं ठरलं आहे. तुम्ही डिसेंबरात याल, अठ्ठावीस वर्षांची तुमची नजर, बोट हातात घेताच तुम्हाला कळेल. प्रभाकरराव, हात जोडून एकच विनंती: आम्हाला सांगू नका.